मधल्या फळीतली मुलं

दर दोन-तीन वर्षांनी भारतीय फुटबॉलला एक 'पुढचा' मध्यरक्षक सापडतो. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो, बहुतेक वेळा मणिपूर, मिझोराम नाहीतर केरळचा. एखाद्या सामन्यात तो दोघा बचावपटूंच्या मधून असा पास काढतो की समालोचकाचा आवाज चढतो. रात्री ती क्लिप फिरते आणि सकाळी 'भारताच्या मधल्या फळीचं भविष्य' असं शीर्षक छापून तयार असतं. पुढच्या मोसमात तो बाकावर दिसतो, त्याच्या पुढच्या मोसमात दुसऱ्या क्लबच्या बाकावर. तेविशी उलटली तरी आपण त्याला 'उदयोन्मुख'च म्हणत असतो. तोवर एखादा नवा सतरा वर्षांचा सापडलेला असतो.

'उदयोन्मुखां'च्या या याद्यांचा मला आता कंटाळा आलाय. मुलांचा मात्र येत नाही. शनिवार-रविवारी घरच्यांच्या शिव्या खाऊन मी अजून सामने बघतो, आणि बघताना नजर आपसूक मधल्या फळीवर जाते.

ती जागाच विचित्र आहे. आघाडीवीराचा हिशेब सोपा, गोल किती मारले. गोलरक्षकाचा त्याहून सोपा, किती खाल्ले. मध्यरक्षकाच्या नावापुढे काय लिहायचं? किती पळाला, किती पास दिले, हे आकडे आता मिळतात, पण त्याचं अर्धं काम चेंडू जवळ नसतानाच चाललेलं असतं. कुठे उभं राहायचं, कुणाचा रस्ता अडवायचा, आपल्या बचावपटूला पास द्यायला जागा कशी करून द्यायची, हे सगळं कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर घडतं. कॅमेरा चेंडूच्या मागे. त्यामुळे क्लिप पाहून मध्यरक्षक पारखणारा माणूस भेटला की मी विषय बदलतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेतून आणि तालमीतून शिकतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं पोराला बाराखडीच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर एकदा माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, डोक्याला रुमाल, हातात शेंगदाण्याची पुडी. समोरच्या संघातला मधला पोरगा मला काही केल्या नजरेत भरेना. म्हणून विचारलं, "काका, तो आठ नंबर कसा वाटतोय?" पुडीतून नजर न काढता म्हणाले, "दिसंना झालाय न्हवं? म्हंजे बेस खेळालाय. चेंडू कुठं पडनार ते त्याला आधीच कळतंय, पळायचं कामच न्हाई." त्यानंतर मी अर्धा तास फक्त त्या आठ नंबरला बघत बसलो. काका बरोबर होते. समोरच्यांचा प्रत्येक लांब चेंडू जिथे पडे, तिथे हा दोन पावलं आधी उभा असे.

पण खरं सांगायचं तर असा मध्यरक्षक आमच्या मातीत विरळाच. पोरं ज्या शाळेच्या आणि गल्लीतल्या मैदानांवर वाढतात ती टणक, चेंडू वेडावाकडा उसळतो. शिवाय बघ्यांना चेंडू पुढे गेलेला हवा असतो. मध्ये कुणी पायाखाली घेऊन थांबला, मान वर करून बघायला लागला, की कडेने आरोळी येते, "मार की लेका!" पोरगं मारतं. बाराव्या वर्षापासून मारतच राहतं. कोल्हापुरातून वर गेलेली नावं आठवून बघा. निखिल कदम बगलेवरचा, अनिकेत जाधव बगलेवरचा आणि आघाडीचा. दोघांकडे वेग आहे, धडक आहे. मधल्या जागेवर जो थंडपणा लागतो, तो शिकायला आमच्याकडे प्रेक्षकांनीच कधी सवड दिली नाही. हे मी आमच्याच माणसांबद्दल बोलतोय, तेव्हा रागावू नका.

अनिकेतमुळेच २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आमच्या घराघरात भारताचे सामने लागले होते. त्या वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी राज्यभरातल्या लाखो मुलांना फुटबॉल खेळवला होता आणि नेत्यांनीही बुटांनिशी चेंडूला पाय लावून घेतला होता. ऑक्टोबरात स्पर्धा सुरू झाली. भारताचा गट अमेरिका, कोलंबिया, घाना, आणि सामने दिल्लीत. पहिला सामना अमेरिकेने ३-० असा जिंकला. ९ ऑक्टोबरला कोलंबिया.

त्या सामन्यातलं ८२ वं मिनिट ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. संजीव स्टॅलिनचा कॉर्नर, गर्दीतून उंच उठलेला जॅक्सन सिंग, आणि चेंडू जाळ्यात. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा हा पहिला गोल, आणि तो एका मध्यरक्षकाने केला. स्टेडियम वेडं झालं, मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. १-१. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाचा पेन्यालोसा आपल्या बचावामागे निसटला आणि २-१.

जॅक्सनचा गोल सगळ्यांनी साठवून ठेवला. मला तो दुसरा गोल जास्त आठवतो. मधल्या फळीचं खरं काम तिथे होतं. आनंद करून परत आल्यावर कुणीतरी दोन हात खाली करून "थांबा, जागा घ्या" म्हणायला हवं होतं. पुढची दोन मिनिटं चेंडू इकडे-तिकडे फिरवायचा, गरज पडली तर बाहेर मारायचा, वेळ काढायचा. हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कसं सुचणार? अशी अक्कल शिबिरात मिळत नाही. दहा-वीस वेळा आघाडी हातातून घालवल्यावर, मोठ्या खेळाडूच्या शिव्या खाल्ल्यावर ती येते. कोलंबियाच्या मुलांनी ते दिवस आधीच पाहिले होते.

आणि जॅक्सन स्वतः तरी त्या संघात कसा आला? सुरुवातीच्या निवडीत तो नव्हताच. निकोलाय अ‍ॅडम जाऊन २०१७ मध्ये लुईस नॉर्टन डी माटोस प्रशिक्षक झाले, त्यानंतर तो आत आला. पहिलेच प्रशिक्षक राहिले असते तर आपला तो गोल कुणी केला असता, कुणास ठाऊक.

त्या संघातले चार मध्यरक्षक पुढे सीनियर भारतीय संघापर्यंत पोहोचले: जॅक्सन, कर्णधार अमरजीत सिंग कियाम, सुरेश सिंग वांगजाम आणि मिझोरामचा लालेंगमाविया राल्टे, ज्याला सगळे अपुइया म्हणतात. पहिले तिघे मणिपूरचे. जॅक्सन आणि अमरजीत तर थौबल जिल्ह्यातले चुलतभाऊ. एका वयोगटातून चार म्हणजे कुठल्याही देशासाठी हे भलं मोठं पीक झालं. विश्वचषक संपल्यावर भारतीय फुटबॉल महासंघाने ही मुलं पांगू दिली नाहीत. इंडियन ॲरोज नावाचा संघ पुन्हा उभा करून सगळ्यांना थेट आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये, थोराड माणसांसमोर उतरवलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. कोल्हापुरात त्या रात्री काय झालं असेल ते सांगायला नको.

ॲरोज हरायचेसुद्धा पुष्कळ. तळाला घुटमळायचे. "पोरांना कशाला मार खायला पाठवता?" असं तेव्हा जाणकार म्हणत. पण मार खाताना ती पोरं दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळत होती, आणि बदली करून बाहेर काढावं अशी कुणाला घाई नव्हती. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत महासंघाने युवा फुटबॉलसाठी केलेलं हे सगळ्यात शहाणं काम. २०२२ मध्ये ते बंद करण्यात आलं. एलिट युवा लीगवर लक्ष द्यायचंय, असं कारण होतं. म्हणजे मुलांनी मुलांशीच खेळायचं.

जवळपास त्याच काळात ताश्कंदमध्ये उलटा उद्योग चालू होता. उझबेकिस्तानने २०२१ मध्ये ऑलिंपिक ताश्कंद नावाने आपल्या तरुण मुलांचा एक संघच काढला आणि तो देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळवला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३ मध्ये ते वीस वर्षांखालच्यांचे आशियाई विजेते झाले, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला गेले, आणि २०२५ च्या जूनमध्ये पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरले. एका संघामुळे हे सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या अकादमी, त्यांचे प्रशिक्षक, पाख्ताकोरसारखे जुने क्लब हे सगळं त्यात आहे. पण मुलांना मोठ्यांच्या लीगमध्ये खेळवण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही.

१८ जानेवारी २०२४ ला दोह्याजवळ आशिया चषकात भारत आणि उझबेकिस्तान समोरासमोर आले. चौथ्याच मिनिटाला अब्बोसबेक फैझुल्लाएव्हने हेडरने गोल केला. मध्यंतरापर्यंत ३-०, आणि शेवटीही तेवढेच. फैझुल्लाएव्ह तेव्हा वीस वर्षांचा होता. वीस वर्षांखालच्या त्या विजेत्या संघातला स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि एव्हाना मॉस्कोच्या सीएसकेएकडून खेळत होता. आपला विबिन मोहनन त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा. केरळ ब्लास्टर्सच्या अकादमीतून आलेला, चेंडू घेऊन वळायची गोड सवय असलेला. त्या दिवशी तो भारतीय संघात नव्हता, आणि असावा असंही फारसं कुणाला वाटत नव्हतं. आपल्याकडे वीस म्हणजे लहान. त्या स्पर्धेत भारताने तीन सामन्यांत एकही गोल केला नाही.

आता क्लबांकडे वळू, कारण मुलं वर्षातले बहुतेक दिवस तिथेच असतात.

आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरात किमान पाच भारतीय पुरेसे होते. २०१७ पासून सहा झाले, २०२१ पासून सात. आकडा वाढला हे चांगलंच. पण उरलेल्या चार परदेशी जागा क्लब कुठे वापरतात ते पाहा. एक आघाडीवीर, एक मधला बचावपटू, आणि उरलेले बहुधा मैदानाच्या मधोमध. ज्या क्लबकडे पैसा आहे तो चेंडू वाटणारा माणूस बाहेरून आणतो. अहमद जाहू, ह्यूगो बूमू, ग्रेग स्टुअर्ट, आद्रियान लुना. गेल्या काही वर्षांतले उत्तम सामने आठवा, त्यांच्या मधोमध ही नावं सापडतील. मला ते सगळे आवडतात. लुनाचा डावा-उजवा दोन्ही पाय बघत बसावा. पण मालकाला निकाल याच मोसमात हवा असतो आणि प्रशिक्षकाला नोकरी डिसेंबरपर्यंत टिकवायची असते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती संघाच्या किल्ल्या द्यायला कुणाचा जीव धजावेल?

त्यामुळे भारतीय मध्यरक्षकाच्या वाट्याला दोन कामं उरतात. एक तर मागे राहून चेंडू हिसकावायचा आणि शेजारच्या परदेशी खेळाडूला द्यायचा, नाहीतर बगलेवर जायचं. केरळचा सहल अब्दुल समद हा माझ्या मते या पिढीतला सगळ्यात उपजत बुद्धीचा मध्यरक्षक, आणि त्याची निम्मी कारकीर्द डाव्या बाजूला गेली. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस चेंडू टाकायला लागला की बाकीचे पायांनी खेळतात आणि हा डोळ्यांनी, असं वाटतं. २०१९ मध्ये गुवाहाटीला ओमानविरुद्ध त्याने फ्री किक घेतली. सगळे उंच चेंडूची वाट बघत होते, त्याने तो जमिनीलगत सरकवला, आणि सुनील छेत्रीने गोल मारला. तो सामना आपण १-२ हरलो, पण ती फ्री किक मी अजून अधूनमधून लावून बघतो. ब्रँडन भारताकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा पंचविशीत होता. त्या वयात स्पेनचा पेद्री दोन युरो खेळून झालेला असेल.

आपल्याकडे चेंडू हिसकावणारे आहेत. सुरेशसारखा पळणारा आशियात फार कमी संघांकडे असेल. २०२१ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध छेत्रीच्या गोलनंतर लगेच त्याने दुसरा मारला होता, तोही पेनल्टी क्षेत्रात उशिरा, धावत पोहोचून. जॅक्सनची उंची आहे, टॅकल आहे. अडचण पुढच्या पासची आहे. चेंडू मिळाल्यावर मान वर, समोरच्या संघाच्या दोन फळ्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे, एका स्पर्शात. तो पास द्यायची जबाबदारी क्लबमध्ये ज्याच्यावर कधी पडलीच नाही, त्याने ती देशाच्या जर्सीत अचानक कशी पेलायची?

अपुइयाचं उदाहरण थोडं वेगळं आहे, आणि म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. ॲरोजनंतर तो नॉर्थईस्ट युनायटेडला गेला. तिथे त्याला सलग खेळवलं, इतकं की विशीतच तो आयएसएलचा सगळ्यात तरुण कर्णधार ठरला. २०२०-२१ चा उदयोन्मुख खेळाडूचा किताब त्याला मिळाला आणि मुंबई सिटीने त्याला उचललं. २०२२-२३ च्या मोसमात मी अंधेरीच्या मैदानावर त्याला बघायला गेलो होतो. मुद्दाम खालच्या रांगेत बसलो आणि पहिला अर्धा वेळ चेंडूकडे बघायचंच नाही असं ठरवलं. शेजारच्याला वाटलं असेल, हा माणूस भलतीकडे का बघतोय.

चेंडू आपल्या बचावपटूकडे असतानाच अपुइयाची मान हलायला लागते. आधी डाव्या खांद्यावरून मागे, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. चेंडू त्याच्याकडे निघाल्यावर शेवटची एक नजर. पोहोचेपर्यंत शरीर अर्धं वळलेलं असतं, त्यामुळे पहिल्या स्पर्शालाच तो पुढे बघत असतो. मागून आलेला प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीवर आदळतो तोवर चेंडू गेलेला असतो. शेजारी जाहू. तो तर जागचा हलतोय की नाही असं वाटावं इतका आळसावून उभा, आणि हाताच्या इशाऱ्याने अपुइयाला चार पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होता. एकदा अपुइयाने सोपा पास घाईत दिला तर जाहूने दोन्ही हात पसरून असा काही चेहरा केला की आमच्या रांगेत हशा पिकला. पुढच्या वेळी त्याच जागेवर अपुइया थांबला. पाव सेकंद फक्त. तेवढ्यात विरुद्ध बगल मोकळी झाली आणि चेंडू तिकडे गेला.

परदेशी खेळाडू नकोत असं म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. त्यांच्या शेजारी नव्वद मिनिटं उभं राहायला मिळालं तर आपलं पोरगं शिकतं. त्यांच्या मागे बाकावर बसून शिकत नाही. अपुइया मोहन बागानला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भरपाई वेळेत लांबून त्याने जो गोल ठोकला, तो तुम्ही पाहिलाच असेल. तो फटका मारायला धीर लागतो, आणि आपल्या जागेची खात्री असल्याशिवाय तो धीर येत नाही.

अमरजीतच्या वाट्याला ही खात्री आली नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो देशाचा कर्णधार होता, २०१९ मध्ये किंग्ज कपला सीनियर संघात उतरला, त्या चौघांत सगळ्यात आधी. मग जमशेदपूर, गोवा, ईस्ट बंगाल, पंजाब. मध्ये दुखापती. प्रत्येक ठिकाणी नवा प्रशिक्षक, नवी पद्धत, आणि 'शेवटची पंधरा मिनिटं बघू' हा जुना कार्यक्रम. त्याच्याकडे काही कमी होतं का? मला तरी नाही वाटत. चौघांत संघ हाताळायची समज त्याच्याकडेच जास्त होती.

साधं गणित मांडतो. वर्षाला वीस पूर्ण सामने म्हणजे अठराशे मिनिटं. अठरा ते एकवीस या तीन वर्षांत मध्यरक्षकाला दरवर्षी एवढी मिनिटं मिळायलाच हवीत, असं माझं मत आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये एका क्लबला साखळीत २४ सामने होते. त्यातले वीस एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कोण देणार? मग खालच्या लीगमध्ये उसनं पाठवा, तिथे तरी खेळू द्या. पण खालची लीगही आठ-नऊ महिने चालायला हवी. २०२५ च्या जुलैत तर आयएसएलच बेमुदत थांबली, व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता म्हणून. शंभर वकील कामाला लागले. एकोणीस वर्षांच्या मुलांची ती वर्षं तशीच गेली, आणि ती कुठल्याही करारात भरून मिळत नाहीत.

मिझोराम आणि मणिपूरमधून मध्यरक्षक का येतात, याची 'त्यांच्या रक्तातच आहे' छापाची उत्तरं ऐकून माझे कान किटलेत. मिझोरामने २०१२ मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली, स्थानिक वाहिनीने सामने दाखवले, लोक बघायला लागले. २०१४ मध्ये त्यांनी संतोष करंडक जिंकला, २०१७ मध्ये ऐझॉल एफसीने आय-लीग. त्या ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील, आपल्या मुंबईचे, स्वतः मध्यरक्षक, महिंद्र युनायटेडचे. मणिपूरची गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातल्या वांशिक हिंसाचारापासून वेगळ्याच वळणावर गेली आहे. ज्या खोऱ्यातून आपली मधली फळी येते तिथे पोरांनी संध्याकाळी मैदानावर जायचं की नाही हा प्रश्न झाला. त्या वर्षी सॅफ जिंकल्यावर जॅक्सन मैतेई समाजाचा सप्तरंगी झेंडा अंगावर घेऊन आला, त्यावर गदारोळ झाला. शांततेकडे लक्ष वेधायचं होतं, असं त्याने सांगितलं. बावीस वर्षांचा होता.

आणि महाराष्ट्र? जकार्तात १९६२ मध्ये भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण घेतलं, त्या संघाच्या मधल्या फळीत फॉर्च्युनॅटो फ्रँको होता. जन्म गोव्यात कोलवाळचा, वाढ मुंबईतली, खेळला टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. पुढे २०११ च्या आशिया चषकाला गेलेला स्टीव्हन डायसही मुंबईचाच, महिंद्रच्या तालमीतला. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये, डीएसके शिवाजीयन्स २०१७ च्या सुमारास, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. पुण्यात राहून मी यातल्या तीन संघांचे स्कार्फ जमवलेत. कपाटात आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा. मुंबईचा निखिल प्रभू मधल्या फळीतून राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेला, तो पंजाबच्या क्लबकडून खेळत. इथे राहून कुठे खेळला असता?

खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचे प्रशिक्षक झाले आणि सुरुवात बरी झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर. मग ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगटेने लांबून सुरेख गोल केला, आणि त्यानंतर सामना हळूहळू हातातून निसटला. १-२. आशिया चषकाचं दार तिथेच बंद झालं. ते नव्वद मिनिटं बघताना मला कोलंबियाचा तो दुसरा गोल आठवत होता. आघाडी मिळाल्यावर चेंडू आपल्याकडे ठेवणारं कुणी नाही. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही ०-१.

त्याच वर्षी सप्टेंबरात दोह्यात मात्र २३ वर्षांखालच्या संघाने बहारीनला २-० हरवलं, कतारशी १-२ असा झगडून हरला आणि ब्रुनेईवर सहा गोल केले. विबिनची हॅटट्रिक. प्रशिक्षक नौशाद मूसा, तेही मुंबईचेच. त्या वयोगटाच्या आशिया चषकाची पात्रता थोडक्यात हुकली. ब्रुनेईवरच्या हॅटट्रिकने मी भारावून जाणार नाही, पण कतारविरुद्ध विबिन चेंडू मागत होता, दडत नव्हता, हे मी नोंदवून ठेवलंय. आणि ३० नोव्हेंबरला अहमदाबादेत बिबियानो फर्नांडिसच्या १७ वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ हरवून आशिया चषक गाठला. त्या संघातल्या मधल्या पोरांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तीन वर्षांनी ती कुठल्या क्लबकडून किती मिनिटं खेळली ते बघू, मग लिहीन.

सध्या कुणी विचारलंच तर माझी मधली फळी अशी: मागे अपुइया, शेजारी सुरेश, पुढे विबिन, आणि विबिनला किमान दहा सामने, मध्ये कितीही हरलो तरी. जॅक्सन मोठ्या, उंच संघांविरुद्ध. सहल बगलेवर अजिबात नको, शेवटच्या अर्ध्या तासात मधोमधच. आमच्या ग्रुपवर यावरून दोन आठवडे भांडण चालू आहे. एकाचं म्हणणं की सहल मागे धावत नाही. धावत नाही हे खरंय. मी त्याला म्हटलं, सुरेश धावतोय ना दोघांचं.